सुई तिथंच टोचलेली

पत्र सेलूहून आलंय. वहीच्या पानांवर पाठपोट, शाईच्या पेनानं लिहिलेलं. सगळं द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून गाभा तेवढा देते:

"ताई, माझं वय 52. आमच्या यांचं किराणा दुकान आहे. दर गुरुवारी हे सकाळच्या गाडीनं मालाला जालन्याला जातात, ते रात्रीच परततात. लेक नांदेडला दिलीय, मुलगा पुण्याला नोकरीत. गुरुवारी घरात मी एकटी. सकाळीच दोन वेळच्या भाकरी थापून ठेवते, दार लोटून घेते आणि आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, पत्र्याची पेटी उघडते. आत्याबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी घालायला घेतलेली गोधडी अर्धी राहिलीय, सुई अजून तिथंच टोचलेली आहे. त्यांच्या टाक्यांना हात लावायचं धाडस होत नाही, म्हणून कडेच्या कोऱ्या पट्टीवर फुलं भरत बसते. दिवस कधी कलतो कळत नाही. संध्याकाळी वन्सचा फोन येतो, 'काय करायलीस दिवसभर?' मी म्हणते, कपाटं आवरली. यांनाही तेच सांगते. आता कपाटं तरी किती आवरायची? एकदा वन्स घरी आल्या, फुलं पाहिली, म्हणाल्या, 'गोधडीवर कुणी भरतकाम करतं का? आईची गोधडी आहे ती.' लेक म्हणते, मम्मी, अशा शिवून वीक, मी फोनवर फोटो टाकते. हे म्हणतात, उरलेली मशीनवर मारून आण, तासाभराचं काम. तुम्ही सांगा, ती गोधडी पुरी करू का तशीच ठेवू? माझा टाका त्यांच्यासारखा येत नाही. आणि 52 वर्षांच्या बाईनं सुईदोऱ्यापायी खोटं बोलावं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. नका बोलू. पाप लागेल म्हणून म्हणत नाही. पण कपाटांचं नाव पुढं केलं की गुरुवार कपाटांच्या नावावर चढतो, आणि कधीतरी कुणीतरी कपाट उघडून बघतंच.

मला तुमचं पत्र वाचून हसू आलं, कारण माझं 'डबे घासले' असायचं. अंबाजोगाईला मी नवी सून होते. दुपारी सगळे लवंडले की उशीचे अभ्रे भरायला घ्यायची, आणि ढेलजेत सासऱ्यांच्या काठीचा आवाज आला की रिंग थेट तांदळाच्या डब्यात. एके दिवशी तो डबा सासूबाईंनीच उघडला. रिंगेतला अर्धा मोर उचलला, तांदळाचे दाणे झटकले, उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, "चोच मोठी झाली गं." मोर परत डब्यात, झाकण लावलं, विषय संपला. मी वर्षभर कुणापासून काय लपवत होते ते मला आजही नीटसं सांगता येणार नाही.

तुमच्या आत्याबाईंना कुणी विचारलं असेल का, दिवसभर काय केलं म्हणून? "गोधडी घातलीय" म्हटलं की पुढं प्रश्नच नसायचा. माझ्या आईच्या गल्लीत दिवाळीनंतर चार बाया लिंबाखाली सतरंजी अंथरून चार कोपऱ्यांना बसायच्या. हात चालत असायचे, तोंडं त्याहून जास्त. कुणाची लेक माघारी आली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळ्याचा निवाडा तिथं व्हायचा. चहाला हाक मारायला आलेला पुरुष अंगणाच्या कडेनं मुकाट परत जायचा, कारण थंडीत पांघरायला त्यालाही लागणारच होतं. गोधडी ही घराची गरज होती आणि त्या गरजेच्या आडोशाला बायकांची दुपार होती. आता गरजेपुरतं ब्लँकेट दुकानात मिळतं. आडोसा गेला, दुपार उघडी पडली, आणि तुम्ही तिच्यावर कपाटाचं दार ओढून घेतलंत.

तर पुढच्या गुरुवारी वन्सनी विचारलं की सांगा, "शिवत होते." दोन शब्द. त्याला 'जरा वेळ' जोडू नका, 'सगळं आवरून मग' तर मुळीच नको. एकदोनदा पलीकडं शांतता पसरेल. पसरू द्या. आपण तरी नामदेवांच्या मुलखातल्या बाया, हिंगोलीची नरसी तुमच्यापासून लांब नाही. शिंप्याच्या कामाची आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

आता गोधडी. पुरी करा.

तशीच ठेवली तर ती पेटीत विरणार, एवढी साधी गोष्ट आहे. जुनं सुती कापड घडीवर मोडतं. वर्षानुवर्षं त्याच घडीत राहिलं की कधीतरी उलगडताना तिथंच फाटतं. त्यात दोन वर्षं टोचलेली सुई. ती सुई आधी काढा, या गुरुवारी पहिलं काम तेच. पावसाळी दमट हवेत तिला गंज चढलेला असणार. गंजलेली सुई सरळ ओढली तर भोवतीचे धागे घेऊन निघते. म्हणून दोन बोटांत धरून हलकेच गोल फिरवा, कापडापासून सुटली असं वाटलं की मगच बाहेर घ्या. अजिबात हलत नसेल तर दोन्ही बाजूंनी थेंबभर खोबरेल लावा आणि तासभर थांबा. तेलाचा डाग पडेल, पण तो साबणानं जातो, फाटलेलं जात नाही. सुईत त्यांचा दोरा उरला असेल तर तो कापू नका. सुईतून काढून घ्या, शेपूट उलट्या बाजूला नेऊन दोन थरांच्या मध्ये दडवा. तुमचा दोरा त्याच्या दोन टाके अलीकडून सुरू करा, म्हणजे त्यांचे शेवटचे टाके आणि तुमचे पहिले टाके एकमेकांवर बसतील आणि उसवणार नाहीत.

सुईच्या जागी तांबूस डाग दिसेल. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. नव्या कापडाला तो ठीक आहे. इथं नको, गंजानं ते धागे आधीच कच्चे झालेत, लिंबानं उरलेसुरले जातील. डाग राहू द्या, त्याचं काय करायचं ते पुढं सांगते.

मग गोधडी खिडकीसमोर धरा, मागून ऊन आलं पाहिजे. कुणाची मदत नसेल तर दोरीवर टाका. जिथून उजेड चाळणीसारखा येतो तिथं कापड विरलंय. त्या जागांना खडूनं खूण करा आणि वरून ठिगळ द्या, पण ठिगळासाठी दुकानातलं नवं कापड आणू नका. नवं कापड ताठ असतं, धुतलं की आटतं आणि जुन्याला ओढत नेतं, मग कडेनं नवी भोकं. पेटीत आत्याबाईंची लुगडी असतील, त्यातलंच एखादं मऊ झालेलं घ्या. एक नऊवारी म्हणजे 27 फूट, त्याचे चार तुकडे केले आणि दोन-दोन लांबीनं जोडले की दोघांच्या गोधडीची वरची आणि खालची, दोन्ही पानं निघतात. ठिगळांना तर एका लुगड्याचा पदर पुष्कळ झाला. टेरिकॉट, सिंथेटिक यातलं काही मध्ये येऊ देऊ नका. ते सुतीवर घसरतं, गोधडी आतून गोळा होते आणि अंगावर घाम धरते तो वेगळाच.

लाल किंवा हिरव्या लुगड्याचा तुकडा लावण्याआधी रंगाची परीक्षा घ्या. पांढरं फडकं ओलं करून त्यावर जोरात घासा. रंग लागला तर तो तुकडा साध्या थंड पाण्यात वेगळा धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण सगळ्या मानतो, मीही मानायचे. एका लाल खणानं माझं पांढरं अस्तर गुलाबी केल्यापासून मानत नाही.

दोरा सुतीच घ्या. दुकानदार म्हणेल, पॉलिस्टरचा न्या, तुटायचा नाही. तेच तर नको आहे. जुन्या कापडापेक्षा दोरा चिवट असला की ताण आला तेव्हा कापड चिरतं, दोरा तसाच राहतो. सुती दोरा आधी तुटतो, आणि तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून जास्त घेतलात की पीळ पडतो, गुंता होतो. आळशी बाईचा दोरा लांब, असं माझी आई म्हणायची. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा, म्हणून हातभराचा तीन हात, आणि मग दुपार गाठी सोडवण्यात.

तुमच्या गोधडीला सुरकुत्या येतात असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण अर्धी पडून राहिलेली गोधडी पुढं शिवायला घेतली की त्या येतातच, कारण आतले थर दोन वर्षांत सरकलेले असतात. म्हणून बारीक टाके घालायच्या आधी ती फरशीवर पसरा, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळी डबे, मिळेल ते वजन ठेवा. हाताच्या तळव्यानं मधून कडेकडे सपाट करत जा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, तेही मधून बाहेरच्या बाजूला. कडेकडून मध्ये आलात तर सगळा फुगारा मध्यभागी जमतो. पक्के टाके झाले की कच्चे काढून टाकायचे. आणि धावदोरा ओढताना कापड चुरगळलं की दोरा जास्त ओढला गेला, बोटानं परत सैल करा. सासूबाई मला म्हणायच्या, दोरा बसवायचा, ओढायचा नाही.

आणि टाका. तुम्ही लिहिलंय की तुमचा टाका त्यांच्यासारखा येत नाही. येऊच नये. तुमच्या पत्रात पुढं एक ओळ आहे, ती मी वर दिली नाही: शेवटच्या वर्षात आत्याबाईंना दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांचे शेवटचे टाके वाकडेतिकडे आणि लांब आहेत, ते उसवून नीट घालू का? अजिबात नको. एक तर उसवलं की जुन्या कापडाला ओळीनं भोकं राहतात, तिथं दुसरा टाका धरत नाही. आणि ते वाकडे टाके हीच त्या गोधडीतली सगळ्यात मोलाची जागा आहे. एक बाई बोटांनी चाचपून शिवत होती, तुम्ही ते नीट करून काय मिळवणार? त्यांची ओळ जिथं संपली तिथून तुमची सुरू होऊ दे, तुमच्या हाताला येते तशी. दोन हात दोन दिसू द्यात.

मशीनवर मारायचं तुमचे हे म्हणतात, त्यांना माझी गोष्ट सांगा. आईची एक वाकळ माझ्याकडे होती, मधली शिवण सुटलेली. मला वेळ नव्हता, म्हणजे मी काढला नाही. एका गादीवाल्याकडे दिली, मशीनवर आडवी-उभी मारून दे म्हटलं. त्यानं त्याचं काम चोख केलं, दुसऱ्या दिवशी घडी करून दिली. घरी येऊन उलगडली तर फळी. हाताच्या टाक्यात दोरा सैल असतो, थर एकमेकांवर हलतात, म्हणून गोधडी अंगाला लपेटते. मशीनच्या टिपेनं सगळे थर एकमेकांना ठोकून टाकले होते. वर आईचा मऊ धावदोरा मशीनच्या टिपेखाली चिरडलेला. ती वाकळ आता दिवाणावर अंथरलेली असते, पांघरत कुणी नाही. गादीवाल्याला काय बोलणार, मीच दिली होती.

तासाभराचं काम, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. पण तुम्हाला तास वाचवायचाय कुठं? तुम्हाला गुरुवार हवाय.

फुलांकडे येते. गोधडीवर कुणी भरतकाम करतं का? करतात. बंगालमधल्या बायांनी जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानंच मासे, कमळं, हत्ती काढले, त्याला कांथा म्हणतात. आणि तितकं लांब कशाला, आपल्या किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर जाऊन लमाण म्हाताऱ्यांच्या कांचळ्या, म्हणजे चोळ्या, बघा. आरसे, कवड्या, रंगीत दोऱ्यांचे चौकोन, तसूभर जागा रिकामी सोडलेली नसते, आणि हे सगळं स्वतःच्या अंगावर घालून शेतात जायच्या कपड्यावर. वापरायच्या वस्तूवर फुलं भरू नयेत हा नियम कुणी केला मला माहीत नाही.

फक्त टाके असे निवडा की ते वापर सोसतील. गुलाबाच्या पाकळ्या लांब भरीव टाक्यांनी भरल्यात तर दिसतील सुंदर, पण पहिल्याच रात्री पायातली जोडवी त्यात अडकतील. गोधडीला साखळी टाका, उलटी टीप, गाठीचा टाका हे बरे, आखूड आणि बसके. दोऱ्याची लच्छी सहा पदरी असते, त्यातले तीन पदर घ्या. रुमालावर आपण दोन घेतो, गोधडीवर दोन हरवतात. पदर एकदम उपटू नका, एकेक करून वर ओढा आणि मग तीन एकत्र करा, म्हणजे दोरा फुलून बसतो. रिंग सगळ्या थरांवर लावू नका, ती धरणार नाही आणि जुन्या कापडावर गोल वण उठेल. डाव्या हाताच्या तळव्यावर कापड पसरून भरा. सुई वरच्या थरातून तिरपी न्या, खालपर्यंत जाऊ देऊ नका, म्हणजे गाठी आत राहतील आणि पाठ स्वच्छ. आणि तो गंजाचा डाग: ठिगळ देऊन त्याच्यावर एक लहान फूल घाला. सुई कुठं थांबली होती ते तुम्हाला माहीत असेल, बाकी कुणाला दिसणार नाही.

आता लेकीचं म्हणणं. ही गोधडी विकायची नाही, हे ती समजून असेल, ती म्हणतेय दुसऱ्या शिवून वीक. तिला वाईट म्हणू नका, आईच्या हाताला किंमत आहे हे सांगायची तिच्या पिढीची हीच रीत आहे. पण तिच्यासमोर हिशेब मांडा. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी, इंचभर अंतरानं ओळी धरल्या तर 60 ओळी, प्रत्येक सात फुटांची. म्हणजे 420 फूट धावदोरा. एका ओळीला अर्धा तास धरा, झाले 30 तास. धुणं, उसवणं, कापणं, ठिगळं जोडणं, कच्चे टाके यांचे दहा तास. तासाला 60 रुपये, म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईलाही कमी वाटावेत असे, तरी नुसती मजुरी 2,400 होते. कापड, दोरा, पाठवणावळ वेगळी, आणि यात एकही फूल भरलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणणार, हजाराला द्या ना, जुन्या साड्यांचीच तर आहे. ज्यांना हातच्या कामाचं मोल द्यायचं असतं अशी गिऱ्हाइकंही असतात, आणि तुम्हाला पैशाची गरज असती तर मी ती कशी शोधायची हेच लिहिलं असतं. पण तुमच्या पत्रात पैशाचं नावही नाही. विकायला सुरुवात केलीत की गुरुवारी ऑर्डर येईल, बुधवारी रात्री जागरण होईल, आणि "काय करायलीस" याला तुम्ही "ऑर्डर पुरी करायलेय" असं ऐटीत सांगाल. ते उत्तर कपाटांपेक्षा बरं असेल, पण गुरुवार पुन्हा दुसऱ्याच्या नावावर. लेकीला हौसच असेल तर तिला सांगा, तू शीक, मी शिकवते. फोटो मग तिच्या गोधडीचा टाकू.

दिवसाबद्दल थोडं. भाकरी पहाटे थापून ठेवता ते ठीक, पण सकाळच्याला मुरमुऱ्यांची सुशीला केली तर अर्धा तास अजून हाताशी येईल, मुरमुरे भिजवायला काय लागतं? बसताना पाठ भिंतीला टेका, पाय पसरलेले, गोधडीचा भार मांडीवर न घेता शेजारच्या पाटावर. उजवा हात शिवणारा असेल तर खिडकी डाव्या बाजूला हवी, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली टाक्यावर पडते. चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले? बावन्नाव्या वर्षी सुई ओवताना डोळे बारीक होत असतील तर तो हट्ट सोडा, नंबर काढून घ्या. तोवर सुईच्या मागं पांढरा कागद धरून ओवा. अर्ध्या-पाऊण तासानं उठा, माळवदावर जाऊन या. मान दुखायला लागली की माणूस कामाला नावं ठेवतं.

पूर्ण झाली की पेटीत टाकू नका. पांघरा. ज्यांच्याकडे पेटीतल्या गोधड्या असतात त्यांच्याकडे उंदीरही असतात. यंदा घटस्थापनेच्या आधी सगळ्यांचा दसरा निघेल, म्हणजे घरोघरची अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतील, तेव्हा ही गोधडी मात्र धुण्यात घालू नका, धोपटणं तिला सोसणार नाही. फार तर हौदात निवळ पाण्यात बुडवून ठेवा, हातानं दाबून मळ काढा, पिळायचं नाही, आणि उचलताना खाली चादर घालून उचला, कारण ओली गोधडी स्वतःच्या वजनानंच फाटते. वाळवायची सावलीत, आडवी. पाणी नसेल तर नुसतं ऊन दाखवा, तेही चालतं. लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आदल्या दसऱ्याला आमच्या गल्लीत कुणीच दसरा काढला नव्हता. माळवदांवर गोधड्या नुसत्या पसरल्या होत्या, दिवसभर उलटपालट केल्या आणि संध्याकाळी झटकून आत घेतल्या. त्या वर्षी कुणी त्यावरून आजारी पडलेलं मला आठवत नाही.

राहता राहिल्या वन्स. त्यांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "आईची गोधडी आहे ती." तुम्ही त्यातलं भरतकामच ऐकलंत असं मला वाटतं. तुमच्या आत्याबाई, पण त्यांची आई ना ती. आई गेली, पेटी भावाच्या घरी राहिली, किल्ली भावजयीकडे, आणि एक दिवस येऊन पाहतात तर आईच्या शेवटच्या गोधडीवर दुसऱ्या कुणाच्या हातची फुलं. मी त्यांच्या जागी असते तर याहून कडू बोलले असते. संध्याकाळी त्या फोन करतात तो तुमच्यावर पाळत ठेवायला करतात असं तुम्हाला वाटतं. गुरुवारीच का करतात, हा विचार केलात का? भाऊ घरी नसतो, वहिनी एकटी असते, आणि आईच्या घरातला फोन वाजतो.

त्यांना बोलवा. आधी फुलं उसवते, माफ करा वगैरे काही म्हणू नका, फुलं छान आहेत. पेटी त्यांच्यासमोर उघडा, लुगडी बाहेर काढा, यातलं कुठलं आईनं कधी नेसलं होतं ते त्यांना सांगू द्या, ते तुम्हाला माहीत नसणार. ठिगळासाठी लुगडं त्यांनाच निवडायला सांगा. मग दोन सुया ओवा आणि एक त्यांच्या हातात द्या. त्या म्हणतील मला येत नाही, आई मला हात लावू द्यायची नाही. म्हणू देत. एक ओळ त्यांच्या हातची त्या गोधडीत असावी, कशीही येवो, आणि तीही उसवायची नाही. एखादं लुगडं उरलं तर ते त्यांना द्या, घरी नेऊन काय करायचं ते त्या बघतील.

फक्त गुरुवारी बोलवू नका. रविवारी बोलवा.